सतरंजीवरचा हात

निवडणूक म्हटलं की मला आजही किळस येते. उमेदवार हात जोडून दारात आला की त्याच्या तोंडावरच दार लावावंसं वाटतं. त्याला कारण आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कुवेतच्या शर्क मोहल्ल्यात, धक्क्याजवळ आमची खोली होती. आम्ही सगळे रत्नागिरीकडचे, एकाच खाडीच्या काठचे. मी शिंपी, अरबांचे पायघोळ झगे शिवायचो. आमच्या कोकणी जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, ईदनंतर निवडायचा होता. त्याआधी प्रत्येक खाडीनं आपला एकच उमेदवार ठरवायचा, असा रिवाज. आमच्याकडून दोघे उठले. एक किराणा दुकानदार, एक तेल कंपनीतला क्लार्क.

दुकानदार दर जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, गोश्त खिलवायचा आणि कोण किती खातोय ते बघत बसायचा. क्लार्क चहासुद्धा पाजत नसे. भर उन्हाळ्यात टाय बांधून यायचा आणि आपण साहेबाशी इंग्रजीत कसं बोलतो ते आम्हाला मराठीत सांगायचा. दोघांनाही मी उलटसुलट तोलून पाहिलं. एकाच्या पोटात पाप, दुसऱ्याच्या डोक्यात हवा. निवडायचं काय, कपाळ?

त्यात आमच्याच खोलीत राहणारे माझे खालू, माझ्या खालाचे, म्हणजे मावशीचे यजमान, बांधकामाच्या परांचीवरून पडले. कमरेखाली जीव उरला नाही. इस्पितळानं सांगितलं, घरी न्या. "खालाच्या हातची पेज मिळू दे रे एकदा," एवढंच ते म्हणायचे. मुंबईच्या आगबोटीचं तिकीट काढलं होतं. फक्त बाजेसकट धक्क्यावर न्यायचं होतं. मी एकटा काय करणार?

दोन्ही उमेदवार उशाशी येऊन बसले. "चाचा, माझी गाडी आहे ना!" दुकानदार म्हणाला. "चाचा, माझी माणसं तुम्हाला फुलासारखं उचलतील," क्लार्क म्हणाला. कोपराला गूळ लावून दोघे गेले. आणि सभा ठेवली बोटीच्याच दिवशी, आमच्याच खोलीत! सुट्टी जुम्याचीच ना.

त्या दिवशी दुकानदाराची गाडी लांबलांबची माणसं सभेला आणत फिरत होती. क्लार्कची माणसं दारात उभी राहून डोकी मोजत होती. सतरंजीला जागा पुरेना, म्हणून खालूंची बाज त्यांनी उचलून अंगणात, उन्हात ठेवली. माझं डोकंच फिरलं. "असरच्या, दुपारच्या नमाजानंतर आगबोटीवर नेणारी होडी सुटते," मी ओरडलो. "थांब रे जरा, आधी हात मोजू देत!" दारातला एकजण म्हणाला. शरम म्हणून नाही मेल्यांना.

हात मोजले. बरोबरी झाली.

मग सगळ्यांना एकदम खालू आठवले! सतरंजीवर असेल त्याचाच हात मोजायचा, हा आमचा जुना नियम. चौघे धावले. सकाळपासून ज्या बाजेसाठी मी एकेकाच्या हातापाया पडत होतो, ती चुटकीसरशी उचलून आत आली.

ती टेकवणार, तोच खालू म्हणाले, "उचललंच आहे, तर आता खाली ठेवू नका रे. बंदरावर न्या."

मी एकाला ढकलून त्याचा कोपरा खांद्यावर घेतला. माझ्या खोलीतल्या दोघांनी दोन कोपरे धरले. चौथा होता दुकानदाराचा आचारी, त्यानं आपला सोडला नाही. आम्ही तसेच बाहेर पडलो.

मागून दोघे उमेदवार धावत आले. मला वाटलं, खांदा द्यायला आले. कसला खांदा! क्लार्कच्या बगलेत सतरंजी होती. त्यानं ती धक्क्यावर पसरली. "चाचा, क्षणभर टेका आणि हात वर करा!" थू! आम्ही तिला वळसा घालून खालूंना सरळ होडीत उतरवलं. आगबोट दूर खोल पाण्यात उभी होती.

होडी सुटली. खालूंनी मला बघून हात वर केला.

"मला! मला दिला हात!" दुकानदार ओरडला.

"सतरंजीवर नव्हते ते! धरता येणार नाही!" क्लार्कनं त्याची गचांडी धरली.

मी आणि आचारी होडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो. त्या दोघांनी एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही.

खालू घरी पोचले. खालाच्या हातची पेज पिऊन, थोड्याच दिवसांत, आपल्या ओटीवर वारले. सदर कोण झाला, ते त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.