अकरा बाया

आमच्या घरात स्पीकर चांगला की वाईट हे बायको ठरवते, आणि तेही बाया मोजून.

मी वणीजवळच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होतो. तिथल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा सामान बांधताना त्यांनी एक सीडी माझ्या हातात ठेवली. युरोपातल्या कुठल्याशा चर्चमधलं जुनं समूहगान. शब्द कळत नाहीत, आणि मला ते कळून घ्यायचेही नाहीत. मधेच एका जागी वाद्यं थांबतात, पुरुष थांबतात आणि नुसत्या बाया गात राहतात. तिथं डोळे मिटले की आमची बुटकी खोली उंच उंच होत जाते, आणि छत कुठं गेलं ते कळत नाही.

पहिल्यांदा लावली तेव्हा बायको दारात तुरीची डाळ निवडत बसली होती. हात थांबवून म्हणाली, "अकरा बाया हायेत. उजवीकडं मांगं एक उभी हाय, तिले दम लवकर लागते."

मी हसलो. पुन्हा लावून मोजायला बसलो तर माझी गाडी पाचाच्या पुढं जाईना.

ही तिची माहेरची विद्या. त्यांच्या शेतात कपाशीमधून तुरीच्या ओळी असत. तूर डोक्याच्या वर गेली की पलीकडं वेचणाऱ्या बाया दिसत नाहीत. लहानपणी ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून नुसत्या आवाजावरून बापाला सांगायची, आज किती जणी आल्या, आणि कोण झाडाखाली लेकराला पाजायला गेली.

तेव्हापासून घरात कुठलंही यंत्र आलं की परीक्षा ठरलेली. दुपारी खाणीतलं ब्लास्टिंग होऊन खिडकीच्या काचा गप्प झाल्या, की मी सीडी लावायची आणि तिनं डोळे मिटायचे. उतरतं ऊन तिच्या पायांपर्यंत आलेलं असायचं. दुकानदार काहीही गुण सांगो, आठच बाया निघाल्या की डबा परत. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण वणीच्या दुकानदारांना माझ्या हौसेचा वैताग आला होता हे खरं. शेवटी एका सेटवर अकराच्या अकरा निघाल्या, आणि तो बरीच वर्षं टिकला.

गेल्या हिवाळ्यात त्याच सेटवर ती म्हणाली, नऊ. यंदाच्या दिवाळीनंतर सात. मी सेटवर चिडलो. वायरी बदलल्या, स्पीकर बदलले, नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. सहा. मग सगळं ऑटोत घालून राजूरच्या मेकॅनिककडं नेलं. माझी यंत्रं पहिल्यापासून त्याच्याच हाताखालून गेलेली, त्यामुळं बायकोची मोजणी त्यालाही ठाऊक. त्यानं सगळं उघडून पाहिलं, सीडी शेवटपर्यंत ऐकली आणि पेचकस पुसून खाली ठेवला.

"साहेब, मशीन बराबर हाय," तो म्हणाला. "भाभीचे कान दाखवा डॉक्टरले."

मला त्याचा भयंकर राग आला. घर जवळ येईपर्यंत तो राग माझ्यावरच उलटला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे ती हल्ली मला विचारायची, आणि मी तिला विसरभोळी म्हणून चिडवत होतो.

घरी सेट जोडायला घेतला. डावा स्पीकर लावून, चालतो का पाहायला सीडी सुरू केली. तेवढ्यात ती येऊन बसली आणि सवयीनं डोळे मिटले. बाया गाऊ लागल्या. मधेच तिनं डोळे उघडून माझ्या तोंडाकडं पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. पुन्हा मिटले.

"अकरा," ती म्हणाली. "पुऱ्या अकरा. आता नका आणू नवं काही."

उजव्या स्पीकरची वायर मी अजून लावलीच नव्हती.

मी म्हणालो, "पास." मग गुपचूप वायर लावली, तिच्या शेजारी बसलो आणि तिच्यासाठी मोजायला लागलो. त्या दिवशी मला पाचापर्यंतही मोजता आलं नाही. रडू येत होतं.