दोन पुंडलिकांमधला दगड

पुंडलिकमास्तर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शैलाने, केला तेव्हा मी त्यांच्याच प्रकरणातले स्मरणपत्र लिहीत होतो. अर्जदार हयात असेपर्यंत निर्णय व्हावा, अशी मागणी होती. वाक्य अर्धेच राहिले...

आमच्या गोव्यातल्या पेडण्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. कोरगावचे पुंडलिक भिवा गडेकर भजने रचीत. त्यांचा मुलगा भिवा पुंडलिक आणि नातू, म्हणजे माझे मित्र मास्तर, पुन्हा पुंडलिक भिवा. आजोबांचे भजनांचे एक पुस्तक, नातवाचेही एकच. सुर्ल्याच्या शाळेत आयुष्यभर शिकवताना पाहिलेली खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ, आटलेले झरे, खोकणारी मुले, हे सारे त्यांनी त्यात लिहिले. तीच धूळ त्यांच्याही छातीत होती. ग्रंथालयाच्या जुन्या कपाटात दोघांची दोन कार्डे होती. सूची संगणकावर गेली, नावे आपोआप जुळवली गेली आणि दोन माणसांची एक नोंद झाली. ओळखक्रमांक एक, पुस्तके दोन, मृत्यूचे वर्ष आजोबांचे. त्या नोंदीशी जोडलेल्या प्रत्येक ग्रंथालयात धुळीचे पुस्तक अशा माणसाच्या नावावर गेले, ज्याच्या हयातीत सुर्ल्याला एकही ट्रक आला नव्हता.

आम्ही दोघे ग्रंथालयात गेलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मास्तर, सिस्टमान जुळवल्यान ता. माझ्या हातात काय नाय."

"बाये, आज्यान माका नाव दिल्यान," मास्तर धापा टाकीत म्हणाले, "मरण नाय दिल्यान."

ती हसली, मास्तरही हसले. मी हसलो नाही. "वकिला, तू कागद काढ," मास्तर मला म्हणाले, "नायतर ह्या कपाटार केस घालशी."

मी कागद काढला. केवळ नामसाम्यावरून दोन व्यक्ती एक ठरत नाहीत, हे कोणतेही न्यायालय मान्य करील. नातवाचा जन्मदाखला जोडला, आजोबांचा मृत्युदाखला जोडला. दरवेळी उत्तर एकच: विषय विचाराधीन आहे. शेवटी ऑक्सिजनवर असताना मास्तर मला पाहताच विचारीत, "मी झालंय काय रे जिवंत?" मी मान हलवून नाही म्हणे.

तेराव्यानंतर उत्तर आले. लेखकाच्या मृत्यूचे वर्ष आता उपलब्ध असल्याने दोन्ही नोंदी वेगळ्या करणे शक्य आहे, मृत्युदाखला पाठवावा. जिवंत माणसाच्या जन्माचा पुरावा अपुरा आणि मरणाचा पुरेसा, हा कुठला न्याय? तो कागद फाडून टाकावा असे मला वाटले. शैला म्हणाली, "पाठवा, काका. बाबांचां पुस्तक तरी बाबांचां होवंदे." मी दाखला पाठवला.

मास्तरांच्या खोलीत फळीवर ती दोन पुस्तके उभी आहेत. नोंद बिघडल्याचे कळले त्या दिवशी मास्तरांनी त्यांच्या मधोमध सुर्ल्याच्या खनिजाचा एक दगड ठेवला होता. परवा फळी पुसताना शैलाने तो उचलला, तशी मास्तरांच्या आजोबांची भजने कलंडून तिच्या बाबांच्या पुस्तकावर टेकली. तिने घाईने पुस्तक सरळ केले आणि दगड पुन्हा मध्ये ठेवला. तिच्या बोटांना लाल धूळ लागली होती.