निळ्या कोटाची बटणं

आमच्या बेसमेंटमध्ये प्रत्येक खोक्यावर लेबल असतं. भुताखेतांसाठी खोकं नव्हतं, आणि कधी लागेल असं वाटलंही नव्हतं.

आम्ही केंब्रिजला राहतो, ओंटारिओत. माझा नवरा सतीश कार प्लांटमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्या ग्रुपमध्ये शिरला. पायदळातला शिपाई! निळा लोकरी कोट, चामड्याची काडतूसपेटी, पत्र्याची पाण्याची बाटली... सगळं ऑर्डर देऊन नवं करवलेलं. कुणा मेलेल्याचं नव्हे, हे आधीच सांगते.

गेल्या उन्हाळ्यात तो ग्रुपच्या लढाईच्या कॅम्पहून आला तेव्हा कोटाचं एक पितळी बटण लोंबत होतं. शनिवारी लावायला घेतलं, तर लावलेलं! मेण लावलेला काळा दोरा, मागे गाठ नाही. असा दोरा आमच्याकडे नाही. आणि सतीशला सुईत दोरा ओवता येत नाही.

पुढच्या कॅम्पनंतर उसवलेलं अस्तरही असंच शिवलेलं.

"कॅम्पात बायका असतात का रे?"

"असतात की. लांब झगे घालून बीन्स शिजवतात."

"आणि शिवतं कोण?"

"काय चौकशी चाललीय, मॅडम?"

जिन्यावरून लेक म्हणाली, "आई, सीरियसली? ही इज सच अ डॉर्क! बाबावर कोण भाळणार?"

माझा संशय काही गेला नाही.

नोव्हेंबरात तो भावाकडे कॅल्गरीला गेला. मी कोटाचं वरचं बटण कापलं आणि खूण म्हणून जाड पांढऱ्या दोऱ्याने, मागे गाठ मारून, स्वतः लावलं. कोट माझ्या सूटकेसमध्ये, किल्ली पर्समध्ये. तो यायच्या आदल्या दुपारी उघडली...

पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे तळाशी पडलेले. बटण जागेवर — काळ्या दोऱ्याने.

सतीशला सगळं सांगितलं. त्याने कोट घेऊन ते बटण चाचपून पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, तूच शिवतेस. न बोलता. बरं वाटायचं गं."

त्याच्यावरचा संशय तिथेच संपला. पण मी स्वस्थ बसणारी नव्हे. त्याचं फाटकं विंटर जॅकेट त्याच सूटकेसमध्ये ठेवून पाहिलं — कुणी हात लावला नाही. कोटावर पुन्हा पुन्हा माझा टाका घालून पाहिला — एकदाही राहू दिला नाही.

हे काय आहे, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा.

तोवर कोटाचा नाद मी सोडलाय. कॅम्पला निघायच्या आधी त्याच्या आतल्या शर्टाची बटणं मात्र मी स्वतः तपासते, सैल असेल ते घट्ट करते. ती अजून माझ्याच दोऱ्यावर आहेत.