मॅनेजरसाहेबांची सवत

गिरीज गावच्या प्लासिडला सगळेच मॅनेजर म्हणायचे, आणि त्यानं ती चूक कधी दुरुस्त केली नाही. आधी वालीवच्या एका कारखान्यात तो लेथ चालवायचा. तसलेच पार्ट चीनहून स्वस्तात येऊ लागले आणि कारखान्याला टाळं लागलं. आधीची पिढी कुवेतला जायची. हा इस्रायलला गेला. “हॉटेल लाईन,” एवढंच सांगून. टाय लावलेला एक फोटो पाठवला, तो शेजारच्या लूर्डसमावशीने जावयाचा असल्यासारखा घरोघर फिरवला.

सहा वर्षांनी त्याची आय पडली, खुबा मोडला, तेव्हा तो महिन्याभराच्या रजेवर आला. तिचं सगळं करायला झारखंडची एलिसा होती. ती त्यानं फोनवरूनच कामाला ठेवलेली.

तिसऱ्या दिवशी लूर्डसमावशी केळी घेऊन समाचाराला आली, म्हणजे खरं तर मॅनेजर बघायला. एलिसा अंगणात कपडे वाळत घालत होती. आयला पलंगावरून खुर्चीत यायचं होतं. प्लासिडनं आपला गुडघा तिच्या गुडघ्याला टेकवला, काखेखालून हात घातले आणि “चला, सावता, एक, दोन...” म्हणत तिला अलगद फिरवून बसवलं. आयला कण्हायलाही वेळ मिळाला नाही.

“काय म्हणालास? सवत?” मावशी टुणकन उठून आयकडे वळली. “अगे बाय, तुझ्या म्हाताऱ्यानं दुसरी ठेवलेली, आणि मला पत्ता नाही?”

आय खुदकन हसली. प्लासिडचे कान तापले.

“तिकडची भाषा आहे, मावशी. आजीला सावता म्हणतात.”

“हॉटेलात आज्या उचलतात?”

हसून वेळ मारून नेता आली असती. पण आय बघत होती.

“हॉटेल नाही. एक म्हातारी आहे. तिला उठवतो, भरवतो, न्हाऊ घालतो. फोटोतला टाय तिच्या मुलाचा.”

लूर्डसमावशी परत खाली टेकली. ती केळ्यांचे डाग बघत बसली.

कामाची लाज आयला वाटेल, म्हणून तर इतकी वर्षं लपवलं होतं. तिला ती वाटलीच नाही.

“रोज न्हाऊ घालतोस?” तिनं विचारलं.

“रोज.”

“बरं करतोस. तिला तरी दुसरं कोण आहे?”

एलिसा आत आली तशी आयनं तिच्याकडे हात केला. “बाय, मला न्हाणीत ने.”

“मी नेतो ना, आय.”

“नको रे. तू रजेवर आलायस.”

टोमणा असता तर त्यानं सोसला असता. ती मायेनं म्हणाली होती. प्लासिड भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्या दोघींना दारातून जायला वाट हवी होती.