मागचं चाक बसवताना

नवरा यवतमाळला वेगळा राहायला गेला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्याच्या सामानापैकी दिग्रसच्या घरात आता फक्त सायकल उरली होती. कपडे, पुस्तकं, इस्त्री, त्याच्या आईचं पितळी घंगाळ, सगळं मी खोक्यांत भरून, वर आत काय आहे ते लिहून दिलं. सायकल तेवढी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून होती, दोन्ही टायर चपटी. महिन्यातून एकदा तो बसने यायचा, टायर अंगठ्याने दाबायचा आणि म्हणायचा, "हे रिमवर नीट बसले की चालवतच नेतो." मग चहा घ्यायचा आणि परतीच्या बसपर्यंत खुर्चीत बसून राहायचा. आमचं भांडण असं कधी नव्हतंच. वेगळं व्हायचं ठरलं त्या दिवशीही आम्ही दोघं वेळेवर जेवलो होतो.

पुढची खोली मी भाड्याने द्यायचं ठरवलं. एक शिक्षिका रविवारी दुपारी बघायला येणार होती. त्याआधी सायकल जायला हवी होती, आणि सायकलीच्या नावाने होणाऱ्या या चकराही थांबायला हव्या होत्या. मला त्यांचा राग नव्हता. थांबायला हव्या होत्या, एवढंच.

आमच्याकडच्या शेतरस्त्यांवर सराटे आणि बाभळीचे काटे इतके, की सायकलची ट्यूब आठवडाभर टिकत नाही. म्हणून त्याने ही बिनट्यूबची टायर मागवली होती. यात टायरची कड रिमच्या खाचेत घट्ट बसते, आणि आत ओतलेलं दुधासारखं सीलंट बारीक भोकं बुजवतं. पण कड बसल्याशिवाय हवा थांबत नाही आणि हवा थांबल्याशिवाय कड बसत नाही. त्यात टायर फार दिवस चपटं उभं राहिलं की एका बाजूला घडी पडते. सगळी हवा त्या घडीतून निघून जाते.

शनिवारी मी दोन्ही चाकं काढली. आतलं जुनं सीलंट वाळून रबराच्या सालींसारखं झालं होतं, ते खरवडलं. रिमवरची पट्टी पुसली, काठाला साबणाचं पाणी लावलं. चाकं स्कूटरवर पायांशी ठेवून ट्रॅक्टरच्या टायरवाल्याकडे नेली. कॉम्प्रेसरची हवा मिळताच पुढचं टायर टणकन बसलं, त्यात मी नवं सीलंटही भरलं. मागचं बसेना. घडी सुटत नव्हती. घरी आणून घडी सुटावी म्हणून त्यात साधी ट्यूब घातली, हवा भरली आणि चाक अंगणात उन्हाला ठेवलं.

शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. "काहो बाई, नवऱ्याले वाटेला लावलं अन् त्याच्या सायकलीले आंघोळ घालून राह्यल्या?"

"तिलेही वाटेला लावतो, काकू."

"मंग हळद-कुंकू लावजा, अशीच नका धाडू," असं म्हणत त्या हसत आत गेल्या.

रविवारी त्याची महिन्याची खेप होती, आणि तो नेहमीपेक्षा आधीच्या बसने आला. अंगणातलं चाक बघून दारातच थबकला.

"तू काहून हात लावला याले?"

"बसवाचं होतं म्हणून. पुढचं बसलं. या, मागचं धरा."

त्याने पिशवी ठेवली आणि उकिडवा बसला. टायरची घडी सुटली होती. एका बाजूची कड जागेवर राहू देऊन दुसरीकडून आम्ही ट्यूब ओढून काढली. त्याने नवं सीलंट ओतलं, मी उघडी कड अंगठ्यांनी आत ढकलली. मग कपडे वाळत घालायची दोरी टायरभोवती गुंडाळली आणि तिच्यात लाटणं अडकवून पीळ दिला, कापसाच्या गाडीवर दोर आवळतात तसा. टायर मधोमध दबलं की कडा बाहेर रिमकडे सरकतात.

"लाटणं मोडीन," तो म्हणाला.

"मोडू द्या. पंप मारा."

तो पायपंप मारू लागला. हवा फुसफुसत बाहेर यायची, कडेला फेस यायचा. दोरी हाताला काचत होती. तो थांबला.

"नाही होत. पुढच्या खेपेले छोटा कॉम्प्रेसरच आणतो."

"पुढची खेप नाही. मारा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून जोरात मारायला लागला. फुसफुस बारीक झाली. एकदा टण झालं, मग पुन्हा एकदा. मी दोरी सोडली. कड सगळीकडून सारखी बसली होती. पूर्वी असं काही जमलं की तो टाळीसाठी हात पुढे करायचा. या वेळी त्याने हात पॅन्टला पुसले.

साबणाच्या पाण्यात एका ठिकाणी बारीक बुडबुडे दिसत होते. तो बोट ठेवून म्हणाला, "गळून राह्यलं. रातभर ठेवून पाहा लागते. मी पुढच्या रविवारी..."

"चालवली की आतलं सीलंट फिरते अन् हे बुजते. तुम्हीच सांगतलं होतं मले."

त्याने बोट काढून घेतलं. दोन्ही चाकं बसवली, चेन चढवली. मी पंप त्याच्या पिशवीत घातला आणि पाण्याची बाटली भरून दिली. चहाचं मीही विचारलं नाही, त्यानेही काढलं नाही. फाटकापाशी त्याने एकदा टायर अंगठ्याने दाबलं आणि निघाला. वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. काही वाटेल म्हणून थांबले होते बहुतेक. काही वाटलं नाही.

शिक्षिका आली, खोली तिला आवडली. ती बघत असतानाच फोन वाजला. तो यवतमाळच्या वाटेवर दारव्ह्याला पोहोचला होता.

"हवा आहे," तो म्हणाला.

"बरं."

त्याच्या मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग शिक्षिकेने खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारलं. "ठेवते," असं मी त्याला म्हटलं, आणि खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन येतं, असं तिला सांगितलं.