ओहोटीत ठेवलेले दोन पाइप

मी जाणार नव्हतो. शिरूर कासारहून समुद्र लांब, त्यात माझे गुडघे, रक्तदाबाची गोळी आणि घाटातली वळणं. पण नात वैशाली म्हणाली, "आबा, तुमी सोबत असाल तरच बापू सोडतील." बापू म्हणजे तिचा बाप, माझा मुलगा. वैशाली पुण्यात शिकते. फार पूर्वी समुद्राचं पाणी कुठवर होतं, हे ती खाडीच्या चिखलावरून शोधते. मागच्या वेळी आणलेला चिखल वाटेतच कालवला गेला. या वेळीही नमुना बिघडला तर शिक्षण सोडून घरी यायचं, असं बापलेकीचं ठरलं होतं.

पंच्याहत्तरी झालेल्यांना एसटी मोफत आहे, कार्ड तेवढं वरच्या खिशात ठेवा. मी ते जामखेडपर्यंत चार वेळा चाचपलं. पुण्यात भाच्याकडे मुक्काम केला. सकाळी वैशाली आणि तिची मैत्रीण जीप घेऊन आल्या. ताम्हिणी घाटात मला मळमळलं. आमसूल चघळल्यावर बरं वाटलं, जवळ ठेवावं. श्रीवर्धनच्या अलीकडे खाडीकाठच्या गावात उतरलो. तांदळाची भाकरी मऊ असते, पण पोट भरल्यासारखं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पोरींनी चिखलात प्लास्टिकचे पाइप ठोकले आणि चिखलासकट उपसले. वैशालीनं समजावलं, "यात मोहरीपेक्षा बारीक शिंपल्यांचे जीव असतेत, आबा. काही भरतीच्या काठालाच जगतेत, काही खोल पाण्यात. ज्या थरात जे घावतं, त्यावरून तवाचं पाणी कळतं."

"मग आपल्या पालीच्या धरणात कावून न्हाई शोधत?"

"तिथं समुद्र हाय का?" ती हसली. "हे दोन पाइप वर बांधावर न्या. टोपण लावायचं राहिलंय, आडवे करू नका." आणि तिसरा काढायला त्या दोघी पुढे गेल्या.

बांधावर ऊन रणरणत होतं. आमच्या धरणातला गाळ उन्हात कसा भेगाळतो, ते मी दर उन्हाळ्यात बघतो. इथं पाइपातला चिखल वाळला तर पोरीचं सगळं गेलं, या धास्तीनं मी पाइप खालीच, झाडीच्या सावलीत, कोरड्या पडलेल्या ओहोळात उभे करून ठेवले आणि शेजारी बसलो. आमच्याकडे आटलेलं पाणी पावसाळ्याशिवाय परत येत नाही.

इथं ते पायाला लागलं तेव्हा कळलं. बघता बघता गुडघ्याला आलं. दोन्ही पाइप छातीशी धरून, तोंडं वर करून उभा राहिलो, पण पाय रुतलेले. चिखलातले शिंपले, त्यांना तिथं तिसऱ्या म्हणतात, वेचणाऱ्या एका बाईनं पाहिलं.

"आजोबा, आंघोळीला आलात काय कपड्यांसकट?"

"ताई, मला राहू द्या, हे पाइप धरा आधी."

"आधी तुम्ही," असं म्हणून तिनं मला दंडाला धरून ओढलं. एका पाइपात पाणी शिरलंच होतं. वैशाली धावत आली, वरचा पातळ झालेला चिखल बघून तिनं दोन्ही पाइपांना टोपणं लावली. पुण्यापर्यंत ती पाइप उभे धरून बसली. मी जेवलो नाही.

घरी आल्यावर लोक विचारायचे, समुद्र कसा आहे? मी म्हणायचो, दिवसातून दोनदा परत येतो. एवढंच मनात बसलं होतं. रोज वाटायचं, आज फोन येईल आणि पोरगी पिशव्या भरून घरी येईल.

महिन्याभरानं फोन आला. "आबा, वरचं चार बोटं गेलंय फक्त. ते आत्ताचंच हाय, परत घेता येतं. खालचं जुनं सगळं शाबूत हाय. शिंपले लई सुरेख दिसायलेत."

बापूनं फोन घेतला, ऐकून घेतलं.

"मग वरचं आणाया परत जावं लागंल ना?" तो म्हणाला. "आबाला नेऊ नको. मी येतो."