सूचक

सोडतीत ताईचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, तेव्हा ती कुणाच्या तरी रेशनकार्डासाठी रांगेत उभी होती. मी हडपसरहून फोन करून सांगितलं. म्हणाली, "बरं. इथलं आटपून करते तुला फोन."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, पण सगळी धायरी तिला ताईच म्हणायची. भावजी गेल्यावर तिने पक्षाचं काम धरलं ते सोडलं नाही. ड्रेनेज तुंबलं, टँकर आला नाही, कुणाचं पेन्शन अडकलं, की ताई. दर निवडणुकीला ती तिकीट मागायची आणि दर वेळी उत्तर यायचं, पुढच्या वेळी नक्की. आता पुरुषांना उभंच राहता येणार नव्हतं. मला वाटलं, आता कोण अडवतंय.

मी तयारीला लागले. कामं क्रमाने लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. माहितीपत्रक टाइप करून घेतलं, कामांचे फोटो वस्तीवार लावले, संभाव्य प्रश्न काढून तिची उत्तरं घोटून घेतली. ती हसायची. "अगं, मला ओळखतात ते."

इच्छुकांच्या मुलाखती शनिवार पेठेत, पक्षाच्या कार्यालयात होत्या. जिन्यावर बायकांची रांग आणि प्रत्येकीशेजारी नवरा. फायली नवऱ्यांच्या हातात. नाव पुकारलं की जोडी आत जायची आणि बाहेर ऐकू यायचा तो नवऱ्याचा आवाज. ताई एकटीच आत गेली. मी दाराशी थांबले. टेबलामागे तिघे पदाधिकारी होते.

"आपले साहेब काय करतात?"

"ते वारले."

"अरेरे. मग आपल्या मागे कोण?"

हा प्रश्न मी काढलेल्यांत नव्हता. ताईने तो सरळ घेतला. "मागे म्हणजे, मूलबाळ नाही. एक बहीण आहे, हडपसरला असते."

मधल्याने चष्मा काढून पुसला. "बाई, आम्ही ताकद विचारतोय. वारस नव्हे."

बाकीचे दोघे हसले. ताईही हसली, जरा उशिरा. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काम उत्तम आहे हो आपलं. पण नुसत्या कामावर निवडून येता आलं असतं, तर पक्ष कशाला लागला असता?"

परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "चुकलंच माझं. मागे सगळा प्रभाग आहे, असं म्हणायला हवं होतं."

तिकीट गावातल्या एका जमीनदाराच्या बायकोला मिळालं. त्यांच्या शेतांत आता इमारती उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी नवराबायको ताईच्या घरी आले. मी होतेच.

"ताई, राग धरू नका," तो म्हणाला. "वरनं ठरलंय. अर्जावर सूचक म्हणून तुमची सही पायजे."

सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा, त्याच प्रभागातला मतदार. एक सही पुरते.

"एवढा मोठा भावकीचा गोतावळा तुमचा," मी म्हणाले. "सही करता येणारं कोणी नाही त्यात?"

"हायेत की. पण ताईंचं नाव असलं की वार्डात कोण बोलायचं न्हाई."

त्याची बायको पदराचं टोक पिळत बसली होती. "मला ह्यातलं काय बी कळत न्हाई, ताई," ती हळूच म्हणाली. "तुम्ही हायसा म्हणून धीर हाय."

ताईने सही केली. चहाही केला. ते गेल्यावर मी भांडले. तिने कपबश्या विसळता विसळता विचारलं, "पक्षाला आता नाही म्हणायचं, तर मग इतकी वर्षं मी कुणाचं काम करत होते?"

रजा टाकून मी प्रचाराला गेले, ती तिच्यासाठी.

एका इमारतीत एक आजी भेटल्या. ताईने पुठ्ठ्याचं नमुना मतदान यंत्र दाखवून बटण समजावलं. आजी नावांवरून बोट फिरवत राहिल्या.

"तुझं नाव कुठाय गं यात?"

"माझं नाही आजी. यांचं आहे." मागे उमेदवारबाई हात जोडून उभ्या होत्या.

"ही कोण?"

ताईने नाव, पक्ष, चिन्ह सगळं सांगितलं. आजींचा चेहरा हलला नाही. मग ताई म्हणाली, "मीच सुचवलंय यांचं नाव."

"तू सुचवलंस? मग देते की. तू कशाला वाईट माणूस सुचवशील."

दार लागलं. उमेदवारबाई वरच्या मजल्याकडे निघाल्या. ताई दोन पायऱ्या चढली आणि तिथेच बसली, पदर तोंडावर घेऊन. खालून झेंडे घेतलेले कार्यकर्ते घोषणा देत येत होते. त्यांना ती दिसू नये म्हणून मी तिच्यापुढे उभी राहिले. वर एक दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी विचारलं, "काय पाहिजे?" आणि उमेदवारबाईंनी जिन्यातून खाली हाक मारली, "ताई?"